पाणमांजर काय खाते? विष्ठेवरून आहार ओळखण्याची पद्धत

खाडीकाठी किंवा घाटाखालच्या एखाद्या डोहावर पाणमांजराचा विषय निघाला की बोलणे लगेच माशांवर येते. जाळ्यातला मासा कोणी खाल्ला, किती खाल्ला, पूर्वीसारखा मासा आता का मिळत नाही, या प्रश्नांची उत्तरे बहुतेक वेळा अंदाजाने दिली जातात आणि त्या अंदाजांचा भार या प्राण्यावर पडतो. वास्तविक त्याचा आहार समजून घेण्याची एक स्वस्त आणि प्राण्याला त्रास न देणारी पद्धत आहे. त्याची विष्ठा गोळा करायची, धुवायची आणि तिच्यात उरलेले खवले, काटे व कवचांचे तुकडे ओळखायचे. जगभरातील पाणमांजरांच्या आहाराविषयी जे ठाऊक झाले आहे, त्यातले बरेचसे याच मार्गाने झाले आहे. चंबळच्या अभयारण्यात आणि केरळातील पेरियारच्या जलाशयात झालेले अभ्यासही विष्ठेवरच आधारलेले होते. महाविद्यालयातील विद्यार्थी, निसर्गमंडळाचे कार्यकर्ते किंवा नदीवर प्रेम करणारा कोणीही चिकाटीचा माणूस हे काम नीट करू शकतो.

सुरुवात परवानगीपासून करावी. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली पाणमांजर संरक्षित आहे. अभयारण्यात, संवर्धन राखीव क्षेत्रात किंवा कांदळवनात नमुने गोळा करायचे असतील तर वन विभागाची लेखी परवानगी आधी घ्यावी लागते. इतर ठिकाणीही स्थानिक वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना कामाची कल्पना द्यावी. वनरक्षकांना नदीकाठच्या ज्या जागा ठाऊक असतात त्या बाहेरून आलेल्या माणसाला लवकर सापडत नाहीत, त्यामुळे या भेटीचा कामालाही उपयोग होतो.

आधी पाणमांजर कोणते ते ठरवावे

भारतात पाणमांजरांच्या तीन जाती आहेत. आपल्याकडच्या मोठ्या नद्या, धरणांचे जलाशय आणि खाड्या यांत प्रामुख्याने दिसते ते मऊ केसांचे पाणमांजर, म्हणजे स्मूद-कोटेड ऑटर. त्याचे वजन साधारण ७ ते ११ किलो असते, शेपूट टोकाकडे चपटी असते आणि ते कुटुंबाने राहते. दुसरे लहान नखांचे पाणमांजर हे जगातील सर्वांत लहान पाणमांजर असून त्याचे वजन ५ किलोंच्या आतच राहते. ते डोंगरातील ओढे, पाणथळ शेते आणि कांदळवनाच्या चिखलात वावरते. गोव्यात या दोन्ही जाती आहेत. तिसऱ्या, युरेशियन पाणमांजराच्या नोंदी हिमालयापासून मध्य प्रदेशातील सातपुड्यापर्यंत व दक्षिणेकडील घाटांपर्यंत आहेत, पण कोकणातल्या खाडीवर काम करणाऱ्याने पहिल्या दोघांवर लक्ष ठेवले तरी पुरे.

हा फरक आहारासाठी फार महत्त्वाचा आहे. मऊ केसांचे पाणमांजर मुख्यतः मासेखाऊ आहे. कुटुंबातील प्राणी अनेकदा ओळीने किंवा अर्धवर्तुळात पोहत माशांना उथळ पाण्याकडे हाकतात आणि मग पकडतात. बांगलादेशातील नडाइल भागातल्या मच्छीमारांनी त्यांच्या याच सवयीचा पिढ्यान्‌पिढ्या उपयोग केला आहे. तेथे शिकवलेली पाणमांजरे मासे जाळ्याकडे हाकतात. लहान नखांचे पाणमांजर मात्र बोटांनी शोधते. त्याची नखे अगदी खुरटी असतात आणि बोटांना स्पर्शाची जाण चांगली असते, त्यामुळे दगडाखाली, बिळात आणि चिखलात हात घालून ते खेकडे, गोगलगायी, निवटे, कीटक असे भक्ष्य चाचपून काढते. त्याच्या दाढाही रुंद आणि कवच फोडण्याजोग्या असतात. म्हणून एकाच नदीवर दोन्ही जाती असतील आणि त्यांच्या विष्ठेचे नमुने एकत्र झाले, तर निघणारा निष्कर्ष दोघांपैकी कोणालाही लागू पडत नाही.

जात ओळखण्यासाठी ओल्या वाळूतले किंवा चिखलातले ठसे पाहावेत. पाणमांजराच्या ठशात पाच बोटे उमटतात, कुत्रा आणि कोल्हा यांच्या ठशांत चार. मऊ केसांच्या पाणमांजराचा ठसा मोठा असतो, बोटांपुढे नखांच्या खुणा दिसतात आणि माती योग्य असेल तर बोटांमधल्या पडद्याची छापही दिसते. लहान नखांच्या पाणमांजराच्या ठशात नखांच्या खुणा बहुधा नसतात. मुंगसालाही पाच बोटे असतात, परंतु त्याचा ठसा बराच लहान असून नखे लांब उमटतात. ठशाशेजारी मोजपट्टी ठेवून वरून सरळ छायाचित्र घ्यावे, कारण तिरप्या छायाचित्रावरून नंतर माप काढता येत नाही.

विष्ठेच्या जागा कशा शोधाव्यात

पाणमांजर विष्ठा वाटेल तेथे टाकत नाही. तिचा वास हा कुटुंबांमधला निरोप असतो, म्हणून ती उठून दिसणाऱ्या जागी टाकलेली असते: पाण्यातून वर आलेला सपाट खडक, दोन प्रवाहांच्या संगमावरचे वाळूचे टेकाड, बंधाऱ्याची भिंत, पुलाखालचा चौथरा, खाजणाच्या बांधावरची मानशीजवळची (भरती-ओहोटीचे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दाराजवळची) मोकळी जागा. मऊ केसांच्या पाणमांजरांचे सारे कुटुंब एकाच ठिकाणी विष्ठा टाकते, तिच्यावर लोळते, ती पायांनी पसरते. अशी जागा महिनोन्‌महिने वापरली जाते आणि तेथले गवत दबून पिवळे पडलेले असते. नदीच्या एका काठाने उतरून दुसऱ्या काठाने परतताना प्रत्येक मोठा खडक आणि प्रत्येक वाळूपट्टा पाहावा. नावेतून शोध घेतल्यास काठावर आपली वर्दळ होत नाही, म्हणून खाडीत नाव अधिक बरी.

ताजी विष्ठा काळपट हिरवी, ओलसर आणि थोडी चिकट असते. तिला माशाचा आणि कस्तुरीसारखा मिश्र वास येतो, जो एकदा ओळखीचा झाला की विसरत नाही. वाळल्यावर ती राखाडी होते आणि बोट लावताच खवल्यांचा भुगा होऊन विस्कटते. येथे घाई करू नये, कारण खेकड्याच्या कवचांनी भरलेली प्रत्येक विष्ठा पाणमांजराची नसते. किनाऱ्यालगतचे कोल्हेही खेकडे खातात, आणि मुंगसे व उदमांजरे यांचीही विष्ठा पाण्याजवळ सापडते. या प्राण्यांची विष्ठा सहसा घट्ट, लांबट आणि केस किंवा फळांच्या बिया असलेली असते. ज्या नमुन्याबद्दल शंका वाटेल तो वेगळा ठेवावा आणि जवळ पाणमांजराचा ठसा मिळाला तरच मोजणीत घ्यावा. संशयास्पद नमुना आग्रहाने मोजण्यापेक्षा सोडून दिलेला चांगला.

पावसाळ्यात पाणी चढते आणि काठावरच्या सर्व खुणा धुऊन जातात, त्यामुळे नमुने मुख्यतः ऑक्टोबरपासून मेपर्यंत मिळतात. ही मर्यादा लहान नाही. वलगणीचे, म्हणजे पहिल्या पावसात प्रवाहाविरुद्ध वर येणारे, मासे चढत असतात आणि शेतांत बेडूक व खेकडे भरपूर असतात तेव्हाचाच आहार आपल्या नोंदीतून निसटतो. शक्य असल्यास पुलाखालच्या कोरड्या राहणाऱ्या चौथऱ्यांसारख्या जागा पावसातही तपासाव्यात, आणि ते न जमल्यास निष्कर्ष मांडताना ‘हा पावसाळ्याबाहेरचा आहार आहे’ असे स्पष्ट लिहावे.

नमुना घेताना

हातमोजे आणि तोंडावर मास्क घालावा, कारण विष्ठेत परजीवींची अंडी व रोगजंतू असू शकतात. चमच्याने किंवा काडीने एक नमुना एका कागदी पाकिटात घ्यावा. प्लास्टिकच्या पिशवीत ओला नमुना कुजतो. पाकिटावर पेन्सिलीने तारीख, नदीचे नाव, जागेचे अक्षांश-रेखांश, नमुना खडकावर होता की वाळूवर, ताजा होता की वाळलेला, आणि जवळ कोणाचे ठसे होते हे लिहावे. शाई ओलाव्याने पसरते, म्हणून पेन्सिलच वापरावी. पाणमांजरांचा निरोप आपण पुसू नये यासाठी प्रत्येक ठिकाणी थोडी विष्ठा तशीच ठेवावी. जवळपास बीळ असल्याची शंका आली किंवा पिल्लांचा बारीक शिट्टीसारखा आवाज ऐकू आला, तर नमुना न घेता तेथून निघून यावे.

सर्व कुटुंबाने एकाच जागी पसरलेल्या विष्ठेत एक नमुना कोठे संपतो आणि दुसरा कोठे सुरू होतो हे कळत नाही. अशा वेळी जे ढीग स्पष्ट वेगळे आहेत तेवढेच घ्यावेत आणि उरलेली सारी जागा एक नमुना मानावी. पहिल्या भेटीत जुने नमुने वेगळे नोंदवून ठेवल्यास पुढच्या भेटीत जे सापडेल ते त्या मधल्या काळातले आहे असे खात्रीने म्हणता येते, आणि महिन्यांची तुलना करायची तर ही खात्री हवीच.

धुणे आणि वाळवणे

प्रत्येक नमुना वेगळ्या भांड्यात, कपडे धुण्याची पावडर घातलेल्या पाण्यात एक दिवस भिजत ठेवावा. मग तो बारीक चाळणीत घालून वाहत्या पाण्याखाली हलक्या हाताने धुवावा. चाळणीची छिद्रे अर्ध्या ते एक मिलिमीटरची असावीत. घरात चहाची बारीक गाळणी चालते, मात्र ती पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये. बोटांनी चोळू नये, त्याने खवल्यांच्या कडा मोडतात आणि ओळखीची मुख्य खूण तीच असते. उरलेला भाग वर्तमानपत्रावर सावलीत वाळवून, खूणचिठ्ठीसह पाकिटात ठेवावा.

ओळखण्यापूर्वी संदर्भसंग्रह

बहुतेक नवशिके ही पायरी गाळतात, आणि सगळ्या कामाची किंमत मात्र तिच्यावरच ठरते. आपल्याच नदीत किंवा खाडीत मिळणारे मासे बाजारातून आणावेत: गोड्या पाण्यातले रोहू, कटला, खडस, मरळ, शिंगाळा, चिलापी, वाम, आणि खाडीतले बोय, काळुंद्र, कोळंबी, चिंबोरी. प्रत्येक माशाची लांबी मोजावी, अंगाच्या वेगवेगळ्या भागांवरचे खवले काढून ठेवावेत, मग मासा उकडून मांस सोडवावे आणि मणके, जबड्याची हाडे, पंखांचे काटे आणि घशातले दात धुऊन, वाळवून, कागदावर चिकटवून नावासह जपावेत. एकाच जातीचे लहान आणि मोठे असे दोन्ही मासे घेतल्यास मणक्याच्या मापावरून माशाची लांबी काढता येते. पुढे मच्छीमारांशी बोलताना या मापाचा जेवढा उपयोग होतो तेवढा दुसऱ्या कशाचाही होत नाही.

आता भिंगाखाली वाळलेला नमुना पसरावा. रोहू, कटला, खडस या कुळातील माशांच्या खवल्यांची कड गुळगुळीत असते आणि त्यांवर वर्तुळाकार रेषा दिसतात. बोय आणि काळुंद्र यांच्या खवल्यांच्या मागच्या कडेला कंगव्यासारखे सूक्ष्म दाते असतात. चिलापीचे खवले गुळगुळीत कडेचे असल्याने रोहूच्या कुळाशी घोटाळा होतो, तेव्हा हाडांकडे वळावे. चिलापीच्या पाठीच्या पंखात टणक, टोकदार काट्यांची रांग असते आणि तिच्या घशातील खालचे हाड त्रिकोणी असून त्यावर बारीक दात दाटीने असतात. रोहूच्या कुळात जबड्याला दात नसतात, पण घशात कमानीसारख्या दोन हाडांवर ठळक दातांच्या ओळी असतात. मरळीचे खवले मोठे असतात आणि तिच्या पंखांत टणक काटे नसतात.

शिंगाळा, शिंगटी, मांगूर या मिशाळ माशांना खवलेच नसतात. जो केवळ खवले मोजतो त्याच्या नोंदीतून हे मासे पूर्णपणे गायब होतात, आणि पाणमांजर ते खातच नाही असा चुकीचा निष्कर्ष निघतो. त्यांची खूण म्हणजे छातीजवळच्या पंखाचा जाड काटा, ज्याच्या आतल्या कडेला करवतीसारखे दाते असतात. असा काट्याचा लहानसा तुकडाही नोंदवावा.

खेकड्याच्या कवचाचे तुकडे जाड, खडबडीत आणि तपकिरी किंवा नारिंगी असतात, तर कोळंबीचे पातळ आणि अर्धपारदर्शक. कोळंबीच्या डोक्यावरचा दातेरी काटा अनेकदा अख्खा सापडतो. बेडकाची हाडे बारीक, लांब व पोकळ असतात आणि त्याच्या मागच्या पायातील दोन हाडे जुळून झालेल्या हाडावर मधोमध खाच दिसते. पिसांवरून पक्षी, आणि केस व दात यांवरून उंदीर कळतो. केसांच्या बाबतीत एक सावधगिरी हवी: अंग चाटताना पाणमांजराचे स्वतःचेच केस पोटात जातात आणि विष्ठेत येतात, म्हणून थोडेसे केस दिसले की सस्तन भक्ष्य मोजू नये. तसेच किड्याचा एखादा पंख माशाच्या किंवा बेडकाच्या पोटातून आलेला असू शकतो. केवळ किड्यांनीच भरलेला नमुना असेल तरच कीटक हे स्वतंत्र भक्ष्य धरावे.

मोजणी

एका माशाला शेकडो खवले असतात, त्यामुळे खवले मोजून मासे किती होते ते कळत नाही. मोजायचे ते एवढेच, की किती नमुन्यांत कोणते भक्ष्य आढळले. समजा, एका ऋतूत ६० नमुने तपासले. त्यांपैकी ४८ मध्ये मासे, २७ मध्ये खेकडे आणि ९ मध्ये बेडूक आढळले. मग आढळाचे प्रमाण माशांसाठी ८० टक्के, खेकड्यांसाठी ४५ टक्के आणि बेडकांसाठी १५ टक्के झाले. एका नमुन्यात अनेक भक्ष्ये असतात, म्हणून या टक्क्यांची बेरीज शंभराहून अधिक येते. एकूण आहारातील वाटा हवा असल्यास प्रत्येक भक्ष्याच्या नोंदींना सर्व नोंदींच्या बेरजेने, येथे ८४ ने, भागावे: मासे सुमारे ५७ टक्के, खेकडे ३२ टक्के आणि बेडूक ११ टक्के. दोन्ही आकडे द्यावेत आणि नमुन्यांची संख्याही सोबत लिहावी. अभ्यासाच्या सुरुवातीच्या पंधरा-वीस नमुन्यांत मुख्य भक्ष्ये सहसा समजतात, परंतु कधीमधी खाल्ले जाणारे भक्ष्य नजरेस येण्यासाठी प्रत्येक ऋतूत त्याहून बरेच अधिक नमुने लागतात.

या आकड्यांत एक ओढ असतेच. टणक कवच पचत नाही, म्हणून खेकडे आहेत त्याहून जास्त भासतात. मऊ भक्ष्य कमी भासते. मोठा मासा काठावर आणून फक्त मांसाचा भाग खाल्ला गेला तर त्याचे मोठे मणके विष्ठेत येतच नाहीत. शिवाय पाणमांजराचे पचन जलद असते, खाल्लेले काही तासांतच बाहेर पडते, आणि एका जेवणाचे अवशेष तीन-चार ठिकाणी विखुरतात. त्यामुळे ‘आठवड्याला अमुक किलो मासे खातात’ असे विधान विष्ठेवरून कधीही करू नये.

दुर्बिणीतून पडताळणी

विष्ठेवरून काढलेले निष्कर्ष डोळ्यांनी तपासून घ्यावेत. मऊ केसांचे पाणमांजर मूळचे दिवसा हिंडणारे आहे, पण माणसांची वर्दळ असलेल्या नद्यांवर ते पहाटे, संध्याकाळी आणि रात्री अधिक सक्रिय असते. वाऱ्याच्या खालच्या अंगाला, काठापासून दूर, झाडाआड बसावे. लहान मासा ते पाण्यात उभे राहून पुढच्या पंजांत धरून खाते. मोठा मासा काठावर आणून खाते. काठावर उरलेले डोके, कल्ल्यांचे झाकण किंवा शेपटी प्राणी निघून गेल्यावर गोळा करावी, कारण विष्ठेत न दिसणारे मोठे मासे येथेच सापडतात. मांसाचा तुकडा किंवा मासे टाकून त्यांना जवळ बोलावण्याचा प्रयत्न कधीही करू नये. त्याने निरीक्षण बिघडते, आणि माणसाची भीती गेलेले पाणमांजर जाळ्याजवळ जाऊन मारले जाण्याची शक्यता वाढते.

मच्छीमारांशी बोलणे

पाणमांजराच्या अंगावर चरबीचा जाड थर नसतो. दाट केसांत अडकलेली हवा आणि वेगाने चालणारे शरीर यांच्या बळावर ते पाण्यात उबदार राहते, आणि त्यासाठी त्याला दररोज आपल्या वजनाच्या दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपास खावे लागते. म्हणून जाळ्यात सहज मिळणारा मासा ते घेणार आणि जाळे फाटणार, ही तक्रार खरी असू शकते. ती टाळू नये. कोणत्या प्रकारच्या जाळ्याचे, कोणत्या महिन्यात, किती नुकसान झाले याची नोंद मच्छीमाराच्या तोंडून त्याच्याच शब्दांत घ्यावी, आणि तिच्या शेजारी त्याच भागातील विष्ठेतले मासे व त्यांची लांबी ठेवावी. बाजारात ज्या जातीला आणि ज्या आकाराला भाव मिळतो तोच मासा पाणमांजर खाते का, हे या दोन नोंदी शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. पेरियारमध्ये पाणमांजरांच्या आहारात मासेच सर्वाधिक आढळले आणि त्यांत तेथे बाहेरून आणून सोडलेल्या चिलापीचा समावेश होता. आपल्या धरणांतही चिलापी पसरलेली आहे, तेव्हा तिचे अवशेष विशेष काळजीने वेगळे काढावेत.

मासा कमी होण्याची इतर कारणेही याच बैठकीत विचारावीत. सुरुंग लावून किंवा ब्लीचिंग पावडर टाकून केलेली मासेमारी, वाळूचा उपसा आणि उन्हाळ्यात आटणारे डोह यांचा फटका मच्छीमार आणि पाणमांजर दोघांनाही बसतो, आणि वयस्कर मच्छीमारांना कोणता डोह कोणत्या वर्षापासून रिकामा झाला हे बहुधा नेमके आठवते. बोलणाऱ्याचे नाव आणि त्याची जाळी टाकण्याची जागा अहवालात उघड करू नये. पाणमांजरांच्या बिळांची व विष्ठेची अचूक ठिकाणेही जाहीर अहवालात देऊ नयेत. ती फक्त वन विभागाकडे द्यावीत. वाळवलेले नमुने आणि संदर्भसंग्रह मात्र कोरड्या डब्यांत, कडुनिंबाची पाने घालून, जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात जमा करावेत, म्हणजे पुढच्या वर्षी त्याच नदीवर काम करणाऱ्याला चाळणीतून निघालेला खवला कशाशी ताडून पाहायचा हे शोधत बसावे लागणार नाही.